आझादांचे पिस्तूल

भोपाळच्या जवाहर चौकात माझे मामा राहतात. सशस्त्र पोलीस दलातून ते निवृत्त झाले आहेत. गेल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो असता एका रविवारी सकाळी त्यांनी आपले परवान्याचे छोटे पिस्तूल साफ करण्यासाठी काढले. सतरंजीवर जुने वर्तमानपत्र पसरले, मॅगझिन काढून दूर ठेवले, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढला. आत काडतूस राहिलेले नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, बोटाने चाचपले आणि मग मलाही पाहायला लावले. एवढे झाल्यावरच त्यांनी ते सुटे केले. सांगाडा, नळी, सरकता भाग, स्प्रिंग असे सगळे भाग ओळीने मांडले गेले. नळीतून तेलाची चिंधी ओढता ओढता मामा सहज म्हणून गेले की हे ३२ बोअरचे आहे आणि चंद्रशेखर आझादांचे पिस्तूलही याच बोअरचे होते.

आझादांचे ते मिशीला पीळ देणारे छायाचित्र मी शाळेपासून पाहत आलो होतो. त्या हातातले पिस्तूल कोणी पुसत असेल, हा विचार मात्र कधी मनात आला नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांचे चरित्र निराळ्या नजरेने वाचू लागलो.

चंद्रशेखर तिवारी यांचा जन्म २३ जुलै १९०६ रोजी त्या वेळच्या अलिराजपूर संस्थानातील भाबरा गावी झाला. आज हे गाव मध्य प्रदेशात आहे. वडील सीताराम, आई जगरानीदेवी, घरची गरिबी. भिल्लांच्या मुलांबरोबर धनुष्यबाण चालवता चालवता या मुलाचा नेम बसला. पुढे तो घर सोडून मुंबईला गेला आणि तेथून काशीला. १९२१ च्या असहकार चळवळीत पंधरा वर्षांचा असताना त्याला अटक झाली. न्यायालयात त्याने आपले नाव आझाद असल्याचे सांगितले आणि त्याबद्दल फटक्यांची शिक्षा सोसली. तेच नाव जन्मभर राहिले.

९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ सरकारी खजिना लुटला गेला. त्या खटल्यात चौघे फासावर गेले, पण आझाद पोलिसांच्या हाती लागले नाहीत. ते झाशीला आले. ओरछाजवळ सातार नदीच्या काठी हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने झोपडीत राहिले. झाशीत मोटारीचे काम शिकले. जवळच्या जंगलात त्यांनी तरुणांना नेमबाजी शिकवली. या तरुणांत सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन हे दोघे मराठी होते, तिसरे भगवानदास माहौर.

आता त्या नदीकाठचा पावसाळा डोळ्यांसमोर आणावा. मामांनी समजावून सांगितले की अशा पिस्तुलात गोळी सुटताच तिच्याच धक्क्याने सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर पडते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत बसते. वाटेत मळ किंवा गंज असला की हे चक्र अडते. त्या काळच्या काडतुसांचा क्षार नळीत मागे राही आणि दमट हवा ओढून घेई. एक दिवस आळस केला तरी गंज धरायचा. म्हणजे ज्या शौर्यावर आपण टाळ्या वाजवतो, त्याच्यामागे कोणाला न दिसणारी रोजची निगा असली पाहिजे.

वस्तूतला दोष किती महाग पडतो हे या मंडळींनी सोसले होते. भगतसिंगांना सोडवण्याच्या तयारीत २८ मे १९३० रोजी रावीकाठी बाँबची चाचणी घेताना भगवतीचरण व्होरा प्राणास मुकले. त्याआधी १९२९ मध्ये मलकापूरकर आणि माहौर आपल्या महाराष्ट्रातच, भुसावळ स्थानकावर, शस्त्रांसह पकडले गेले होते. फेब्रुवारी १९३० मध्ये जळगावच्या न्यायालयात माहौरांनी माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. ते दोघेही वाचले.

२७ फेब्रुवारी १९३१. अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये पोलिसांनी आझादांना घेरले. त्यांनी सोबतच्या सुखदेवराजला निसटू दिले. मांडीत गोळी शिरली असतानाही झाडाच्या आडोशाने ते लढत राहिले. त्यांच्या ३२ बोअरच्या कोल्ट पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये आठ गोळ्या मावत. नॉट-बॉवर आणि बिश्वेश्वरसिंग हे दोन पोलीस अधिकारी त्यांच्या गोळ्यांनी जखमी झाले. शेवटची गोळी त्यांनी स्वतःवर झाडली असे मानले जाते. वय अवघे चोवीस. ते पिस्तूल आज त्याच बागेतल्या संग्रहालयात आहे.

पण चरित्र येथे संपत नाही. भाबऱ्याला म्हातारी आई मागे राहिली होती. शिक्षा भोगून सुटलेल्या सदाशिवरावांनी पुढे तिला झाशीला आपल्या घरी आणले, मुलाप्रमाणे तिची सेवा केली, तीर्थयात्रा घडवल्या. मार्च १९५१ मध्ये ती वारली तेव्हा अग्नीही त्यांनीच दिला. या कामाला ना गोळीचा आवाज होता, ना कोणी छायाचित्र काढणारा. आझादांचे काही काम अपुरे राहिले असेल तर ते या मलकापूरकरांनी पुरे केले, असे मला वाटते.

मी हे सारे वाचून दाखवले तेव्हा मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या रविवारी त्यांनी वर्तमानपत्र पसरले आणि चिंधी माझ्या हाती दिली. जोडताना माझ्या हातून स्प्रिंग उडाली आणि कपाटाखाली गेली. अर्धा तास शोधून ती काढली, पुसली, बसवली. मामांनी शांतपणे पिस्तूल पुन्हा सुटे केले आणि मला पहिल्यापासून जोडायला सांगितले.