चेंडू चालला, मान मात्र नाकारला: बाळू पालवणकर

हिंदुस्थानी क्रिकेटमधील पहिला मोठा गोलंदाज म्हणून बाळू पालवणकर यांचे नाव घेतले जाते. डावखुऱ्या मंदगती फिरकीच्या बळावर त्यांनी प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत १७९ बळी टिपले. तेही दर बळीमागे जेमतेम १५ धावा देऊन.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील. वडिलांच्या लष्करातील नोकरीमुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले आणि तेथेच पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात आले. खेळपट्टी तयार करणे, जाळ्या बांधणे, टेनिसचे कोर्ट आखणे ही त्यांची कामे. त्यांतच साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करण्याची भर पडली.

त्या क्लबातील ग्रेग हा नावाजलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि तासन्‌तास बाळूंच्या चेंडूंवर सराव करी. आपला त्रिफळा उडविला की तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, या सरावाने ग्रेग जितका घडला तितकेच बाळूही घडले. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. या सगळ्या वर्षांत साहेबांनी बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ होता, गोलंदाजी ही नोकराची चाकरी.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. त्यासाठी बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर बराच खल झाला आणि अखेर त्यांना घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू झेलीत. मध्यंतरात मात्र बाळूंना तंबूबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळेच.

पुढे बाळू मुंबईस गेले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात स्थानही. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा बाळूंसमवेत त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाला २३ सामन्यांपैकी सहाच जिंकता आले. दुखऱ्या खांद्यानिशी खेळणाऱ्या बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात आठ गडी बाद केले.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० मध्ये तर चौरंगी स्पर्धेच्या पहिल्या सामन्यातून त्यांना वगळण्यात आले. कर्णधार एम. डी. पै आजारी होते. त्यांच्या जागी दि. ब. देवधरांची निवड झाली. शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदान सोडून गेल्यामुळे काही काळ संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल यांना रीतसर कर्णधारपद मिळाले. तोवर बाळूंची कारकीर्द संपली होती.

तरुण आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता. राजकारणात मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकरांनाही काँग्रेसच्याच उमेदवाराकडून पराभव पत्करावा लागला.

हिंदुस्थानने पहिली कसोटी खेळली ती १९३२ मध्ये. तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.