बीज आणि भूमी : स्टीफन पॅजेट यांचे कार्य

थोर पित्याच्या पोटी जन्मास येणे हे जसे भाग्य, तसेच ते ओझेही होय. स्टीफन पॅजेट यांच्या चरित्राकडे पाहताना आम्हांस याची प्रचीती येते. त्यांचा जन्म १८५५ साली इंग्लंडमध्ये झाला. वडील सर जेम्स पॅजेट हे त्या काळचे नामांकित शल्यचिकित्सक. हाडांचा एक विकार आणि स्तनाग्राचा एक विकार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्टीफन यांनी ऑक्सफर्ड येथील शिक्षण संपविल्यावर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचा अभ्यास केला आणि पित्याचाच मार्ग धरला.

स्तनाच्या कर्करोगाने त्या काळी कित्येक स्त्रिया दगावत. शस्त्रक्रियेने गाठ काढली, तरी पुढे रोग यकृतात वा हाडांत पुन्हा डोके वर काढी. रोगाचे कण रक्ताबरोबर वाहत जाऊन अडकतील तेथे रुजतात, अशी समजूत होती. पॅजेट यांना हे पटेना. हा केवळ योगायोग असता, तर रोगाने असा पक्षपात का करावा? त्यांनी ७३५ मृत रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग पोचल्याची उदाहरणे २४१ भरली. प्लीहेत मात्र अवघी १७! वास्तविक रक्त दोहींकडे भरपूर वाहते. १८८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपला निष्कर्ष मांडला : बी वाऱ्याने चोहीकडे उडते, पण मानवेल त्या भूमीतच ते रुजते. म्हणून वैद्यांनी बीजाबरोबर भूमीचाही अभ्यास केला पाहिजे.

पुढे कित्येक वर्षे हा विचार मागे पडला. १९८०च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांनी त्याला बळकटी आली. पेशींभोवती प्रथिनांच्या तंतूंचे दाट जाळे असते. ते तोडल्यावाचून कर्कपेशीस पसरता येत नाही, आणि ते तोडण्यास विकर लागतात. काही विकर ती स्वतःच स्रवते. गाठीतील प्राणवायूची टंचाई आणि आम्लता यांमुळे हा स्राव वाढू शकतो. परंतु १९९० साली फ्रान्समधील संशोधकांना स्तनाच्या कर्करोगात असा एक विकर सापडला, की जो कर्कपेशी नव्हे, तर तिच्या भोवतालच्या निरोगी जातीच्या पेशी निर्माण करीत होत्या. कर्कपेशी शेजाऱ्यांस रासायनिक संदेश धाडते आणि शेजारीच कुंपण मोडून देतात! हाडांत पसरलेल्या रोगावर आज हाडांची झीज रोखणारी औषधेही देतात. भूमीची निगा राखण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

पॅजेट यांची लेखणीही समर्थ होती. आम्ब्र्वाझ पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाचे चरित्र त्यांनी १८९७ साली, तर पित्याच्या आठवणी व पत्रे १९०१ साली प्रसिद्ध केली. १९०८ साली वैद्यकीय संशोधनाच्या समर्थनार्थ त्यांनी एक संस्था स्थापिली. १९२६ साली ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रांनो, पॅजेट यांच्यापाशी या शोधासाठी नवे यंत्र नव्हते. नोंदी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्याच होत्या. त्यांनी त्या चिकाटीने मोजल्या आणि न जुळणाऱ्या आकड्यापाशी ते थांबले. त्यातील एकेक आकडा म्हणजे कोणाची तरी माता, भगिनी वा कन्या होती. त्या मृत्यूंतून जिवंतांच्या उपयोगी पडेल असे काही त्यांनी शोधून काढले, म्हणून पित्याच्या मोठ्या छायेतही पुत्राचे नाव स्वतंत्रपणे टिकून राहिले, असे आम्हांस वाटते.