विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकणारे अण्णा कर्वे आणि मागे घर ओढणाऱ्या बाया

पुण्यात कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला कर्वे कोण हे विचारलं तर उत्तर येतं, स्त्रीशिक्षणवाले, भारतरत्न. बरोबर आहे. पण हे सगळं चालू असताना त्यांच्या घरी चूल कशी पेटत होती, हे कुणी विचारत नाही. ती गोष्टही तितकीच मोठी आहे.

पनवेलला सुरू होणारा मुंबई-गोवा महामार्ग धरून कोकणात उतरलं की खेड तालुका लागतो. तिथल्या शेरवली गावी, आजोळी, १८ एप्रिल १८५८ रोजी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. मूळ गाव दापोलीजवळचं मुरुड. घरची परिस्थिती बेताची. सहावीची परीक्षा द्यायची तर केंद्र साताऱ्याला. सतराव्या वर्षी हा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून, शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला पोचला. तिथे सांगण्यात आलं की तू वयाने लहान दिसतोस, परीक्षेला बसता येणार नाही. गडी आला तसा परत गेला आणि पुढे कोल्हापुरातून पास झाला.

मग मुंबई, एल्फिन्स्टन कॉलेज, १८८४ मध्ये गणित घेऊन बी.ए. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न लहानपणीच झालं होतं. पत्नी राधाबाई, मुलगा रघुनाथ. अण्णा शाळांमध्ये शिकवायचे, शिकवण्या करायचे. १८९१ मध्ये राधाबाई गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला गणित शिकवायला आले.

विधुराने लहान मुलीशी दुसरं लग्न करायचं, यात तेव्हा कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. अण्णांनी मात्र ठरवलं की लग्न केलं तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात दोघांचं लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया.

मुरुडकरांना हे पचलं नाही. ज्या गावासाठी अण्णांनी काही वर्षांपूर्वी मुरुड फंड उभा केला होता, त्याच गावाने सभा घेऊन त्यांना वाळीत टाकलं. ते घरी उतरले तर आईवरही बहिष्कार, असा ठराव झाला.

१८९६ मध्ये अण्णांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम काढला. गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला जागा दिली आणि तिथे झोपडी उभी राहिली. आज आपण ज्याला कर्वेनगर म्हणतो ते हेच हिंगणं, पण तेव्हा तिथे निव्वळ माळ होता. दिवसभर कॉलेजात गणित, संध्याकाळी खांद्यावर आश्रमाचं सामान घेऊन काही मैलांची पायपीट, तिथे मुलींना शिकवणं, आणि मग परत. पावसाळ्यात चिखल तुडवत तेच.

इथे एक पेच होता, आणि माझ्या मते अण्णांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड पेच हाच. सनातनी घरातल्या लोकांनी आपल्या विधवा मुली आश्रमात पाठवायच्या, तर तिथे पुनर्विवाहाचा प्रचार होत नाही याची खात्री द्यावी लागणार होती. तशी ती दिली गेली. म्हणजे ज्या बाईशी पुनर्विवाह करून अण्णांनी समाजाशी वैर घेतलं, त्याच बाईला नवऱ्याच्या संस्थेपासून लांब राहावं लागलं. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवा म्हणून आश्रमात आल्या, संस्थेचा आधारस्तंभ झाल्या, निधीसाठी पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. बाया मात्र घरी. रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर, वर आल्यागेल्यांचं करायचं आणि पगारातून आश्रमाचा वाटा गेल्यावर उरेल त्यात भागवायचं.

अशात अण्णांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. उद्या काही बरंवाईट झालं तर पोरांनी काय करायचं, यावरून घरात मोठा खटका उडाला. बाया चिडल्या, आणि त्यांचं काय चुकलं? पण याच बायांनी नंतर संस्थेसाठी दारोदार वर्गणीही गोळा केली.

पुढचं बरंचसं पाठ्यपुस्तकात आहे. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मोजक्या विद्यार्थिनींवर भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं. मातृभाषेतून शिक्षण हा त्याचा गाभा. बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम कशाला, ही टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईच्या नावाने विद्यापीठ एसएनडीटी झालं. सरकारी मान्यता मिळायला मात्र १९५१ उजाडलं. दरम्यान सत्तरी ओलांडलेले अण्णा निधीसाठी युरोप, जपान, आफ्रिका फिरून आले. बर्लिनमध्ये आइनस्टाइनला भेटले. १९३६ मध्ये खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला मंडळ स्थापन केलं, त्यात स्वतःच्या ७० रुपये पेन्शनमधूनही पैसे घातले. वय ७८!

मुलं आपापल्या वाटेने गेली. शंकर मोंबासाला डॉक्टर. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य, त्यांच्या पत्नी इरावती कर्वे. भास्कर हिंगण्याच्या संस्थेत. आणि रघुनाथ म्हणजे 'समाजस्वास्थ्य' काढणारे, संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून विल्सन कॉलेजमधली गणिताची नोकरी गमावणारे र. धों. कर्वे. हट्टीपणा वडिलांकडूनच आला असणार.

१९५० मध्ये बाया गेल्या, १९५३ मध्ये रघुनाथ गेले. अण्णा मागे राहिले. १९५८ मध्ये शंभरी भरली, भारतरत्न मिळालं, टपाल तिकीटही निघालं. हयात असताना भारतीय तिकिटावर झळकलेला हा पहिलाच माणूस. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ व्या वर्षी ते गेले.

अण्णांचं 'आत्मवृत्त' १९१५ मध्ये आलं होतं. बायांची बाजू यायला १९४४ उजाडलं, पुस्तकाचं नाव 'माझे पुराण'. पुढे वसंत कानेटकरांनी या जोडप्यावरून 'हिमालयाची सावली' हे नाटक लिहिलं, डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांनी ते गाजवलं. त्यात हिमालय लागूंच्या वाट्याला आला आणि सावली शांताबाईंच्या.