मेरी क्युरी : परक्या देशातले कष्ट आणि शरीराने दिलेल्या सूचना

कर्करोगाच्या उपचारात शेक, म्हणजे रेडिओथेरपी घ्यावी लागेल असे सांगितले की बरेच रुग्ण घाबरतात. या उपचारात सुरुवातीच्या काळात जे रेडियम वापरले गेले, ते शोधून काढणाऱ्या मेरी क्युरी यांचे नाव बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असते. पण त्या मूळच्या फ्रान्सच्या नव्हत्या. शिकण्यासाठी पोलंडहून पॅरिसला गेलेली ती एक मुलगी होती. तिची कहाणी रुग्णांनी वाचावी, आणि ज्यांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दूर गेली आहेत अशा पालकांनीही वाचावी.

वॉर्सातले बालपण

मारिया स्क्लोदोव्स्का हिचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. पोलंडचा हा भाग तेव्हा रशियाच्या ताब्यात होता. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. मोठी बहीण टायफसने गेली आणि मारिया दहा वर्षांची असताना आईचे क्षयरोगाने निधन झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते.

१८८३ मध्ये सुवर्णपदक मिळवून तिने शाळा संपवली आणि लगेच ती आजारी पडली. शरीर आणि मन दोन्ही थकले होते. आज अशा अवस्थेत आम्ही नैराश्याची तपासणी करायला सांगतो. वडिलांनी तिला सुमारे वर्षभर खेड्यातल्या नातेवाइकांकडे पाठवले. विश्रांती, मोकळी हवा आणि माणसांचा सहवास यांनी ती सावरली.

दोन बहिणींचा करार

वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता आणि परदेशी शिकायला घरात पैसे नव्हते. तेव्हा मारिया आणि तिची थोरली बहीण ब्रोन्या यांनी आपसात ठरवले की आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे आणि तिच्या खर्चासाठी मारियाने नोकरी करायची. नंतर ब्रोन्याने मारियाला बोलावून घ्यायचे. त्याप्रमाणे मारियाने काही वर्षे श्रीमंत घरांत राहून मुलांना शिकवले.

१८९१ मध्ये तिची पाळी आली. स्वस्तातल्या डब्यातून प्रवास करायचा म्हणून खाण्याचे पदार्थ, अंथरूण आणि बसायला घडीची खुर्चीसुद्धा तिने बरोबर घेतली होती.

पॅरिसची माडी

सुरुवातीला ती ब्रोन्याच्या घरी राहिली. ब्रोन्याचे यजमानही पोलिश आणि डॉक्टर होते. पण तिथून सोरबोन विद्यापीठ लांब पडे आणि घरात सतत माणसांची वर्दळ असे. म्हणून तिने विद्यापीठाजवळ छपराखालची एक छोटी खोली भाड्याने घेतली. हिवाळ्यात खोली इतकी गार पडे की ती असतील तेवढे कपडे अंगावर घेऊन झोपे. स्वयंपाकात वेळ आणि पैसा जाऊ नये म्हणून बरेच दिवस चहा, पाव आणि थोड्या मुळ्यांवर काढे.

एक दिवस तिला चक्कर आली. ब्रोन्याचे यजमान तपासायला आले. त्यांनी नाडीबरोबर तिची भांडी आणि शिधाही पाहिला. आदल्या दिवसापासून तिने काय खाल्ले, हे खोदून विचारल्यावर खरे कारण कळले. ते तिला घरी घेऊन गेले आणि काही दिवस नीट जेवू-झोपू घातल्यावर ती बरी झाली. तिचा आजार होता उपासमार.

१८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीला ती पहिली आली आणि १८९४ मध्ये गणिताला दुसरी.

दोन देशांच्या मध्ये

शिक्षण संपल्यावर तिला मायदेशीच राहायचे होते. पण क्राकूव्हच्या विद्यापीठाने ती स्त्री असल्यामुळे तिला जागा दिली नाही. ती पॅरिसला परतली आणि १८९५ मध्ये पिएर क्युरी यांच्याशी विवाह केला. दोघांनी एका मोडकळीस आलेल्या शेडमध्ये काम केले. १८९८ मध्ये सापडलेल्या पहिल्या मूलद्रव्याला मेरी यांनी आपल्या देशावरून पोलोनियम हे नाव दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडियमचा शोध लागला. १९०३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०६ मध्ये पिएर रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेले. मेरी यांच्या पदरी दोन लहान मुली होत्या. पतीचे अध्यापनाचे काम त्यांनी पुढे चालवले. १९११ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना थोड्या मतांनी नाकारले आणि काही वृत्तपत्रांनी परकी बाई म्हणून त्यांच्यावर चिखलफेक केली. त्याच वर्षी त्यांना दुसरे नोबेल मिळाले आणि वर्ष संपता संपता त्या गंभीर आजारी पडल्या. पुढे मूत्रपिंडाची शस्त्रक्रियाही करावी लागली.

तरीही पहिल्या महायुद्धात त्यांनी एक्स-रे यंत्रे मोटारींत बसवली, ती आघाडीवर नेली आणि इतरांनाही ते काम शिकवले. शरीरात घुसलेली गोळी नेमकी कुठे आहे हे दिसू लागल्याने असंख्य जखमी सैनिकांचे प्राण वाचले.

शेवटचा आजार

किरणांपासून संरक्षण कसे करायचे हे तेव्हा नीट माहीत नव्हते. मेरी यांच्या बोटांची कातडी भाजल्यासारखी झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले आणि थकवा कायमचा झाला. त्या तो कामाच्या ताणावर ढकलत राहिल्या. अखेर क्षय असावा असे समजून त्यांना डोंगरातल्या आरोग्यधामात हलवले गेले. तिथे रक्ततपासणीत वेगळाच आजार निघाला आणि ४ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

तो आजार होता अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. यात हाडांतला मगज नवीन रक्तपेशी पुरेशा बनवत नाही. त्यामुळे थकवा येतो, धाप लागते, वारंवार ताप आणि जंतुसंसर्ग होतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उठतात. अशी लक्षणे दिसल्यास लगेच रक्ततपासणी करून घ्यावी.

मृत्यूच्या दोन वर्षे आधी, १९३२ मध्ये, वॉर्सात कर्करोगाच्या उपचारांसाठी रेडियम संस्था सुरू झाली होती. तिथले रेडियम मेरी यांनी मिळवून दिले होते आणि संस्थेची प्रमुख होती ब्रोन्या.

रुग्णांसाठी

आज शेक देताना किरणांची मात्रा आणि जागा मोजून ठरवतात. यंत्राने बाहेरून शेक घेतलेल्या रुग्णाच्या अंगातून किरणे बाहेर पडत नाहीत. त्याने नातवंडांना जवळ घेतले तरी चालते. शरीराच्या आत किरणोत्सर्गी औषध दिले असेल तर मात्र डॉक्टर सांगतील ती काळजी घ्यावी. छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग निसर्गातून काही दिवसांत मिळतो तेवढाच असतो. गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास आधी सांगावे.

दूर राहणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

• फोनवर कशी आहेस विचारले तर उत्तर बरी आहे असेच येते. आज काय जेवलीस, किती झोपलीस, कोणाशी बोललीस, असे विचारा.
• तिथे पोहोचल्यावर आरोग्य विमा आणि जवळचा डॉक्टर यांची व्यवस्था आधी करायला सांगा.
• वजन घटणे, चक्कर येणे, झोप उडणे, माणसे टाळणे, आवडीच्या गोष्टीत रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. जगणे नकोसे वाटते असे बोलणे आले तर एक दिवसही थांबू नका.
• त्याच शहरात ओळखीचे एक तरी माणूस असू द्या, जे खोलीवर जाऊन डबा उघडून पाहील.

पॅरिसमध्ये मारियाला असे माणूस होते, म्हणून तिचा पहिला आजार वेळेवर सापडला.