तीन मिनिटांच्या केसरबाई

आमच्या वज्रेश्वरीत गाणे म्हणजे देवळातले भजन, चैत्रातल्या यात्रेतला कर्णा आणि लग्नातला धवला. माझी आजी धवलारीण आहे. शास्त्रीय संगीताशी आमच्या घराचा संबंध कधी आला नव्हता. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. गेल्या वर्षी एका प्राध्यापकांनी वर्गात केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवली, तेव्हा खरे सांगायचे तर मला काहीच कळले नाही. नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून येणारा एक भरदार आवाज. तीन मिनिटांत सारे संपले. पण घरी परतताना एस.टी.त तो आवाज डोक्यातून जाईना. म्हणून मी त्यांचे चरित्र शोधून वाचले.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावी झाला. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला आल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे आणि मुंबईत भास्करबुवा बखले असे थोर गुरू लाभले, पण शिक्षण सलग असे कुठेच झाले नाही. अखेर १९२१ साली जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ त्यांना शिकवू लागले. तेव्हा केसरबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. ज्या वयात इतरांचे नाव झालेले असते, त्या वयात त्यांनी रोज तासन् तास तालीम घेत पुन्हा आरंभ केला. खाँसाहेब १९४६ साली वारले, तोपर्यंत केसरबाई देशातल्या अग्रगण्य गायिका झाल्या होत्या. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

एवढ्या मोठ्या गायिकेचे आज आपल्या हाती काय उरले आहे? तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर फुलणारा राग तेवढ्यात कसा बसणार? केसरबाईंना ध्वनिमुद्रणाची फारशी ओढ नव्हती. मैफलीत त्यांना ऐकणारी पिढी सरली. आता आपल्यासाठी उरल्या त्या या तबकड्या, आणि धोंडूताई कुलकर्णींसारख्या शिष्येने पुढे नेलेली विद्या.

आणि गंमत पाहा, त्यांच्या भैरवीची अशीच एक लहानशी ध्वनिमुद्रिका १९७७ साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. त्या तबकडीवर जगभरातल्या संगीताचे सत्तावीस नमुने आहेत. भारताचा तेवढा हा एकच. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाईंचे निधन झाले. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले.

हे वाचताना मला आजी आठवत होती. तिचे धवले मोबाईलवर उतरवून घ्यावेत म्हणून मी दोन वर्षे तिच्या मागे लागले होते. ती ऐकेना. मांडव नाही, हळद नाही, तर धवला कोणासाठी, असे तिचे म्हणणे. मला तो अडाणीपणा वाटे, आणि एकदा रागाच्या भरात मी तसे बोलूनही गेले. आज त्याची लाज वाटते. शाळेचे तोंडही न पाहिलेली माझी आजी आपल्या गाण्याची जागा ओळखून होती. ती मला समजली नव्हती.

तरीही एक गोष्ट खरी. त्या तीन मिनिटांच्या तबकड्या नसत्या, तर वज्रेश्वरीच्या मुलीला केसरबाई कधीच भेटल्या नसत्या. म्हणून मी हट्ट सोडलेला नाही, फक्त वाट बदलली आहे. संध्याकाळी मोबाईल आत ठेवून मी आजीजवळ बसते आणि शिकते. चुकले की ती थांबवते, पुन्हा म्हणायला लावते. यंदा शेजारच्या लग्नात तिच्या मागे उभी राहून मी पहिल्यांदा धवला गायले. परत येताना आजीने आपणहून सांगितले, की पुढच्या मांडवात हवे तर मोबाईल चालू ठेव.