काळ्या मातीची लेक : बहिणाबाई चौधरी

तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेल्या खानदेशच्या काळ्या मातीने कापूस पिकविला, ज्वारी पिकविली, केळीचे मळे फुलविले, तशी माणसेही पिकविली. त्यांत ज्यांना शाळेचा उंबरठा कधी ठाऊक नव्हता, आणि तरीही ज्यांच्या नावाने आज एक विद्यापीठ ओळखले जाते, अशा एक माउली होऊन गेल्या. त्या म्हणजे बहिणाबाई नथुजी चौधरी.

जळगावपासून दोन कोसांवरील असोदे हे त्यांचे माहेर. भरताच्या वांग्यांसाठी या गावाचे नाव साऱ्या खानदेशात घेतले जाते. येथील उखाजी महाजन व भीमाई या दांपत्याच्या पोटी 1880 साली नागपंचमीच्या शुभदिनी बहिणाबाईंचा जन्म झाला. घमा, गना व घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता व तुळसा या तीन बहिणी, असे ते भरले घर होते. मुलींना शाळेत घालण्याची त्या काळी खेड्यात रीत नव्हती. कीर्तन, पोथी, जात्यावरची ओवी आणि शेताचा बांध हीच त्यांची शाळा. या शाळेत त्या मात्र पहिल्या नंबराने उत्तीर्ण झाल्या, असेच म्हटले पाहिजे.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या खंडेराव चौधरी यांचे चिरंजीव नथुजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरचे घर मोठे, शेतीवाडीचे आणि माणसांच्या राबत्याचे. पहाटे जाते, मग चूल, मग शेत, आणि दिवेलागणीला पुन्हा चूल, असा दिवसाचा क्रम असे. माहेर तसे हाकेच्या अंतरावर, पण सासुरवाशिणीला ते दोन कोसही दूरच. आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात. त्या दिवसांची ओढ बहिणाबाईंच्या गाण्यांत जागोजागी दिसते. असोद्याच्या वाटेवर पायाला ठेच लागली तरी वाटेतला दगडच आपल्याशी बोलू लागतो, असे त्यांना वाटे.

संसाराची घडी बसली होती. ओंकार व सोपान हे दोन पुत्र आणि काशी ही कन्या अशी तीन लेकरे झाली. आणि ऐन तिशीत त्यांच्यावर आकाश कोसळले. नथुजी गेले. थोरल्या ओंकारला प्लेगने गाठले. जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व आले. सोपान तर जेमतेम दोन-तीन वर्षांचा. पुढे एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या आणि वाट्याला आलेली शेती व तीन लेकरे यांचा भार एकट्या बहिणाबाईंच्या खांद्यावर पडला.

त्या काळी विधवेचे जिणे म्हणजे घराच्या कोपऱ्यातले जिणे. लोक कीव करीत, आणि कीव करता करता तिला मोडून टाकीत. बहिणाबाईंनी ती कीव नाकारली. बांगड्या फुटल्या तरी मनगट शाबूत आहे, ही त्यांची धारणा होती. ही धारणा त्यांनी गाण्यातही सांगितली आणि शेतातही सिद्ध केली. रडत बसण्यापेक्षा पेरणीची वेळ साधणे त्यांना महत्त्वाचे वाटले, कारण मृगाचा पाऊस कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही.

शेत हे त्यांचे दुसरे घर होते. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उपणणी यांपैकी कोणत्याही कामाला त्यांचे हात परके नव्हते. खळ्यावर धान्याची रास पडली आणि वारा पडून राहिला की उपणणी अडते. अशा वेळी त्या वाऱ्याला घरच्या माणसासारखी हाक मारीत. ढेकळाखालून वर येणारा कोंब, बांधावरच्या बोरी-बाभळी, विहिरीवर चालणारी मोट, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा, हे सारे त्या पाहात आणि पाहता पाहता ओठांवर गाणे येई. ज्या सुगरण पाखराला हात नाहीत, त्याने केवळ चोचीने आपल्या पिलांसाठी एवढे सुबक घर विणावे, याचे त्यांना मोठे कौतुक होते. एकट्या चोचीवर घर विणणारे ते पाखरू त्यांना इतके जवळचे का वाटले असेल, हे त्यांचे चरित्र जाणणाऱ्यास सांगावे लागत नाही.

त्यांचे तत्त्वज्ञानही याच कामांतून आले. माणसाच्या मनाला त्यांनी उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या ओढाळ गुराची उपमा दिली. तव्यावर भाकरी भाजताना हाताला बसणाऱ्या चटक्यांतून त्यांनी संसाराचे मर्म सांगितले. कपाशीविना उललेल्या बोंडाला बोंड म्हणू नये, त्याचप्रमाणे ज्याच्या अंगी माणुसकी नाही त्याला माणूस म्हणू नये, हाच त्यांच्या शिकवणीचा सारांश. जळगावात छापखाना आला तेव्हा त्यावरही त्यांनी गाणे रचले. छापल्याने कोरा कागद शहाणा होतो, मग माणूस का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. ज्या स्त्रीला छापलेले एक अक्षर वाचता येत नव्हते, तिने हा प्रश्न विचारावा, हे विशेष.

आपण काव्य करतो असे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. काम करताना गाणे सुचे, काम संपले की ते वाऱ्यावर जाई. सोपानदेव शिकले, पुढे कवी म्हणून नावारूपास आले. त्यांनी व त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी आईची गाणी जमतील तशी वहीत टिपून ठेवली. जी टिपली गेली तेवढीच उरली. जी टिपली गेली नाहीत, ती जात्याच्या घरघरीत आणि पिकांच्या सळसळीत कायमची विरून गेली. त्यांची मोजदाद आता कोणीही करू शकणार नाही.

दिनांक 3 डिसेंबर 1951 रोजी जळगाव येथे बहिणाबाईंनी देह ठेवला. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविली. चार-दोन कविता वाचताच अत्रे थक्क झाले. हे बावनकशी सोने महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे योग्य नाही, असे त्यांनी सोपानदेवांना बजावले. 1952 साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि लेवा बोलीच्या गोडव्याने अवघा महाराष्ट्र वेडा झाला. 1961 साली ‘मानिनी’ या चित्रपटातून त्यांची गाणी घरोघरी पोहोचली. पाठ्यपुस्तकांतून ती मुलांच्या तोंडी गेली. एवढा मान मिळाला, परंतु तो पाहण्यास ती माउली नव्हती.

2018 साली जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील हजारो मुले-मुली आज त्या नावाची पदवी घेऊन बाहेर पडतात. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या स्मृतीचे संग्रहालय उभे आहे.

परंतु त्यांचे खरे स्मारक याहून जवळ आहे. आपल्या घराघरांत आजही अशी एखादी आजी असते, जिला ओव्या येतात, पेरणीची म्हण येते, झाडापाखरांची नावे येतात. तिचे बोलणे कोणी टिपून घेत नाही. सोपानदेवांनी वही उघडली नसती तर बहिणाबाईदेखील अशाच एका अनामिक आजी म्हणून विस्मरणात गेल्या असत्या. आपापल्या घरातील ती वही वेळीच उघडणे, हीच या माउलीची खरी पूजा होय.

शेताला देवघर आणि घराला शेताइतकेच पवित्र मानणाऱ्या खानदेशकन्येस विनम्र अभिवादन!