बाळू पालवणकर : कर्णधारपदाची एक जुनी गोष्ट

१९४० सालचा डिसेंबर महिना. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होऊन दोन महिने होत आले होते. पहिले सत्याग्रही विनोबा पवनारहून तुरुंगात गेले होते आणि त्यांच्यामागून रोज कोणी ना कोणी जात होते. अशा दिवसांत मुंबईच्या हिंदू जिमखान्याची काही मंडळी गांधीजींना भेटायला वर्ध्याला आली. प्रश्न होता क्रिकेटचा! मुंबईचे पंचरंगी सामने तोंडावर आले होते आणि त्यांत हिंदूंचा संघ उतरवावा की नाही, याबद्दल जिमखान्यात दोन तट पडले होते. गांधीजींनी आपले मत स्पष्ट सांगितले. देशातली माणसे तुरुंगात असताना हा उत्सव त्यांना रुचत नव्हता, आणि धर्माधर्माचे संघ पाडून खेळावे हे तर मुळातच पटत नव्हते. त्या वर्षी हिंदूंचा संघ मैदानात उतरला नाही.

वर्ध्याच्या जुन्या आठवणींत ही भेट फारशी कोणी सांगत नाही. मात्र या सामन्यांचा इतिहास उलगडू लागले, की एका माणसापाशी येऊन थांबावेच लागते. त्यांचे नाव बाळू पालवणकर. धावफलकावर ‘पी. बाळू’.

प्रथम सामन्यांविषयी थोडेसे. १८९२ पासून मुंबई इलाख्यात युरोपियन आणि पारशी यांच्या लढती होत. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला, तेव्हा चौरंगी झाले. १९३७ मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला आणि त्यांचे पंचरंगी झाले. रणजी करंडक सुरू झाला तो १९३४ साली. त्याआधी, आणि नंतरही काही वर्षे, हिंदुस्थानातले सर्वांत गाजणारे क्रिकेट हेच. मैदानाभोवती माणूस मावत नसे.

या झुंजींतला हिंदूंचा पहिला मोठा गोलंदाज चर्मकार समाजातला होता.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातले. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करी नोकरीत होते आणि कुटुंब पुण्यात वाढले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना अधूनमधून चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार ४ रुपये झाला. तिथे कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज सरावाला येत. बाळू त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करीत. ग्रेगसाहेब बाद झाले की बाळूंना आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. या सरावात बाळूंचा डावखुरा हात तयार झाला. चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, त्याचा वेग आणि उंची बदलणे हे सारे त्यांना साधले. बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कोणी दिली नाही. नोकराचे काम चेंडू टाकण्याचे!

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज समोर दिसत होता. अडचण जातीची होती. पुष्कळ वादावादी झाली. असला खेळाडू बाहेर ठेवणे हा मूर्खपणा आहे, असे खुद्द ग्रेगसाहेबांनी जाहीरपणे म्हटले. शेवटी बाळू संघात आले. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा. चहाची वेळ झाली की इतरांना तंबूत कपबशी आणि बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी. हात धुवायला पाणी घालायचे तेही त्यांच्यासारख्याच अस्पृश्य गड्याने.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध सामना ठरला, तेव्हा बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला होता म्हणतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी सवर्ण खेळाडूंना विचार करायला लावले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला हरकत ती काय? त्यांनी बाळूंना जाहीर समारंभात हार घातला. लोकमान्य टिळकांनीही त्यांचे कौतुक केले.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखान्यात घ्यायला काही सभासदांचा विरोध होता, पण कर्णधार कीर्तिकर ठाम राहिले. पुण्याच्या मानाने मुंबई मोकळी होती. इथे हळूहळू पंगतही एक झाली. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होते. दोघा भावांना बरोबर घेतले म्हणून हा विजय मिळाला, असे सुधारकांच्या पत्रांनी आवर्जून लिहिले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाने सपाटून मार खाल्ला. पण बाळूंनी दुखऱ्या खांद्यानिशी त्या दौऱ्यात शंभरावर गडी बाद केले. परत आल्यावर दलित समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांच्या पिढीला बाळूंचा केवढा अभिमान वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता वळू या कर्णधारपदाकडे.

चौरंगी सामने सुरू झाले तेव्हा हिंदू संघात अनुभवाने सर्वांत मोठे बाळू होते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिघेही भाऊ या सामन्यांत खेळले. दरवर्षी निवड जवळ आली की बाळूंचे नाव पुढे येई आणि मागे पडे. कर्णधार एम. डी. पै यांनी तर, हा मान खरे म्हणजे बाळूंचा होता, असे मोकळ्या मनाने बोलून दाखवले होते. १९२० मध्ये पै आजारी पडले. त्यांच्या जागी पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांना नेमले आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढले आणि संघातून अंग काढून घेतले. जन्मावरून मान ठरत असेल तर आम्हाला खेळायचे नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता घालवण्याचे आवाहन हिंदूंना होत होते. लोकमत खवळले. जिमखान्याने तडजोड केली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघ हाताळला. आयुष्यभराच्या खेळाच्या पदरात एवढेच कर्णधारपद पडले.

१९२३ मध्ये जिमखान्याने विठ्ठल पालवणकरांना कर्णधार केले. हिंदूंनी युरोपियनांना हरवून अजिंक्यपद मिळवले आणि लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. त्यांची जात त्या गर्दीत कोणी विचारली नाही. धाकट्याला मिळालेल्या त्या मानामागे थोरल्याचा तीस वर्षांचा घाम होता. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले, तेही मराठीत.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणाने ढवळून निघाले. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुले केले. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजींची हरिजन यात्रा वर्ध्याहूनच निघाली. बाळूंचे मन याच मार्गावर होते. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी त्यांनी मध्यस्थीसाठी धावपळ केली आणि करारावर सही केली. धर्मांतराची आंबेडकरांची घोषणाही त्यांना पटली नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत प्रत्यक्ष आंबेडकरांसमोर उभे केले. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले. ज्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याला आता नवा नेता मिळाला होता. मातीच्या भांड्यातून चहा प्यायलेल्या माणसाला तरीही हिंदू समाज बदलेल असे वाटत राहिले. हा भाबडेपणा म्हणायचा की श्रद्धा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला मात्र त्यात खेळाडूचा स्वभाव दिसतो. खेळपट्टी प्रतिकूल असली म्हणून हातातला चेंडू तो ठेवून देत नाही.

पंचरंगी सामने १९४६ मध्ये कायमचे थांबले. वर्ध्यात गांधीजींनी जे सांगितले होते ते सहा वर्षांनी घडले. आता संघ प्रदेशाचे असतात. २०१८ च्या पहिल्या दिवशी विदर्भाने रणजी करंडक जिंकला, तेव्हा वर्ध्यात फटाके वाजवणाऱ्या पोरांना कोण कुठल्या जातीचा, याची गरज पडली नाही.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत गेले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले, गडीमागे अवघ्या १५ धावा देऊन. मुंबईत प्रभादेवीला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. जुन्या सामन्यांची विजेत्यांची यादी आजही कुठेही मिळते. त्या यादीत संघाचे नाव असते आणि साल असते. तंबूबाहेर चहा पिणारा माणूस त्यात नसतो. मुलांना ती यादी कधी दाखवायची झाली, तर ही गोष्टही सांगावी.